मंगळवारचं समन्स

मंगळवार, ११ मार्च २०२५

दुपारी साडेबाराला राणीचा फोन आला, तिच्या आजीच्या मोबाईलवरून. मी कोर्टाच्या आवारात वडिलांच्या, आप्पांच्या टेबलावर एक वाटणीपत्र टाईप करत होते. वहिनी राणीला घेऊन माहेरी गेल्याला सव्वा वर्ष झालं, तरी आठवड्यातून एकदा राणी मला फोन करते. वहिनींना ते ठाऊक आहे, दादाला नाही. मी त्याच्याशी खोटं बोललेले नाही, त्याने विचारलेलंच नाही. एवढं पुरेसं आहे का, हे अजून ठरवता आलेलं नाही.

"आत्या, आज आमच्या गावात कोणसुद्धा न्हाय," ती म्हणाली. "आम्ही समदी शिवारात आलोय. कोंबड्या बी आणल्यात. मांजर पिशवीत हाय."

शिरंगोळीत यंदा बारा वर्षांनी लक्ष्मीची यात्रा आहे. यात्रेआधीचे मंगळवार पाळतात, त्या दिवशी नांगर नाही, दळण नाही. आणि त्यातल्या एका मंगळवारी दिवस उगवायच्या आत सगळं गाव शिवेबाहेर जातं. म्हातारी माणसं, आजारी माणसं, गुरं, कुत्री, सगळी. दारांना कुलपं लावतात, वाटांवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकतात आणि दिवस मावळल्यावरच परत येतात. तोवर बाहेरच्या माणसालाही आत पाऊल टाकता येत नाही.

मी विचारलं, "आणि चिमण्या गं?"

"त्यांना सांगितलंया," राणी म्हणाली.

मला पुष्कळ विचारायचं होतं. बाळंतीण असली तर? कुणी झोपून राहिलं तर? पण आजीने फोन घेतला. वहिनी इथे असत्या तर त्यांना विचारलं असतं. त्यांना असल्या गोष्टी सांगायला आवडायचं. जायच्या आधीच्या महिन्यात मात्र त्या गप्पच असत. दोनदा डोकं कपाटाला आपटून घेतलं, दुसऱ्यांदा भुवईला टाके पडले. आई म्हणायची, बाईचं लक्ष नाही. आमचं कपाट वीस वर्षं एकाच जागी आहे आणि मला कधी लागलेलं नाही. उंचीचा काही प्रश्न असेल म्हणावं, तर वहिनी माझ्यापेक्षा बुटक्या आहेत.

शुक्रवार, २१ मार्च

दादाने राणीचा ताबा मागितला आहे, त्या केसचं काम आज होतं. समन्स दोनदा परत आलं. दोन्ही वेळा दुपारी नेलं होतं आणि दुपारी तिथली माणसं शेतावर असतात. म्हणून कोर्टाने सांगितलं, दारावर चिकटवा आणि तसं प्रतिज्ञापत्र द्या. चिकटवायला दादाचा मित्र साईराज जाऊन आला म्हणे. दोघे उद्यमबागेत एकाच कारखान्यात आहेत.

इथल्या कोर्टाचं काम कन्नडमध्ये चालतं, म्हणून आप्पा कन्नडमध्ये सांगत गेले, मी टाईप करत गेले. मराठीत असं होईल, जाबदार म्हणजे वहिनी: 'दिनांक ______ रोजी सकाळी अकरा वाजता मी सदर घरी गेलो. जाबदार घरात हजर होत्या. मला पाहून त्यांनी आतून कडी लावली. म्हणून समन्स दारावर चिकटवले.'

"आप्पा, तारीख?"

"साईराजला विचारून घालतो. जागा सोड."

तारखेला जागा सोडायचं माझ्या जिवावर येतं. लहानपणी मला दमा होता. नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, आप्पांनीच घरी शिकवलं. आप्पा बाँड रायटर, लोकांचे दस्त लिहून देणारे, घरात पुस्तकं नव्हती, जुनी खरेदीखतं होती. मी अक्षरं त्यांतूनच शिकले. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. आप्पा म्हणायचे, मोकळी जागा सोडलीस की त्यात कुणीतरी येऊन घर बांधतो.

नोटरी मल्लाप्पा अण्णांचं टेबल आमच्या शेजारीच आहे. त्यांनी शिक्का मारला तेव्हा साईराज तिथे नव्हता.

"अण्णा, सही करणारा माणूस कुठाय?"

"येतंय गं ते. शिक्का वाळेपतोर येतंय."

साडेपाचला आला आणि गेटबाहेर गाडीवर बसूनच सही केली. वर लिहिलेलं होतं, 'माझ्यासमोर शपथेवर'. गेट आणि अण्णांच्या टेबलामध्ये बदामाचं झाड आहे. समोर म्हणजे किती समोर?

सोमवार, ७ एप्रिल

वहिनी आल्या नाहीत. केस एकतर्फी चालेल.

दारावर कागद दिसल्यावर कुणी येणार कसं नाही? मी असते तर आदल्या दिवशीच येऊन बाकावर बसले असते. राणीला विचारावंसं वाटलं. पण सहा वर्षांच्या मुलीला समन्स काय विचारायचं.

गुरुवार, १७ एप्रिल

निकाल लागला. एक जूनच्या आत राणीला दादाच्या ताब्यात द्यायचं.

आईने माझ्या खोलीतला खालचा कप्पा रिकामा केला. माझ्या जुन्या वह्या बाहेर, राणीचे कपडे आत. ती माझ्याजवळ झोपेल. मला आनंद झाला आहे, तो लिहून ठेवते, कारण नंतर झाला नव्हता असं वाटेल.

दादा जेवताना म्हणाला, "आता बघू म्हणावं, कशी येत न्हाय ती बी." कोण ती, हे मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, राणी.

शनिवार, ३ मे

कोर्टाला सुट्टी. वकिलांनी निकालाच्या नकलांचे चार संच करायला दिले. पानं लावताना साईराजचं प्रतिज्ञापत्र वर आलं. मी सोडलेल्या जागेत शाईने तारीख घातलेली आहे. ११ मार्च.

म्हणून या वहीतलं त्या दिवसाचं पान काढलं. ११ मार्चला सकाळी अकरा वाजता शिरंगोळीत माणूस नव्हता. कोंबडीसुद्धा नव्हती. मग आतून कडी कुणी लावली?

सोबत फोटो जोडला आहे. पत्र्याचं एकपाखी दार, त्यावर कागद. आणि नीट बघितलं तर दाराला बाहेरून कुलूप आहे. आतून कडी आणि बाहेरून कुलूप एकाच वेळी कसं होतं, ते मी मागच्या दाराला करून पाहिलं. एका माणसाला जमत नाही, दोघं लागतात. आई म्हणाली, "काय करायलीस गं?" मी म्हटलं, बघायले.

रविवार, ४ मे

साईराज दादाला न्यायला आला होता. मी चहा घेऊन गेले.

"साईराजदादा, शिरंगोळीचं ते दार कुठल्या रंगाचं हाय?"

"मी दार बघायला गेलतो व्हय? कागद लावायला गेलतो."

"मंगळवारीच गेलता?"

"आमची सुट्टी मंगळवारी. दुसऱ्या कुठल्या दिवशी जाणार?"

"वाटेत काट्या होत्या?"

"खेडं हाय ते. काट्या असतीतच की." तो हसला. "विक्रम, तुझी भैन वकील व्हायची आता."

दादा हसला नाही. चहा न घेताच उठला.

मंगळवार, ६ मे

आईला सांगितलं, खानापूरला जाऊन येते. खानापूरला गेलेच, खोटं नाही. स्टेशनावरून पुढे टेम्पोने शिरंगोळी. मला फक्त दार बघायचं होतं.

दार दोन पाखांचं आहे, जाड लाकडाचं, चौकटीवर जुनी घोड्याची नाल. मी बाहेर उभी राहून फोटोशी ताडून बघत होते. तेवढ्यात वहिनींची आई, मालुबाई मावशी, गोठ्यातून आल्या.

"दाराला काय झालंय?"

"काही न्हाय मावशी. मार्चमध्ये ह्याच्यावर कोर्टाचा कागद लावला होता का?"

"कसला कागद? यात्रा हुती, आम्ही रोज दार पुसायलोय."

"अकरा मार्चला. मंगळवारी."

"त्या मंगळवारी? काट्या वलांडून कोण आत आला असता, तर गावानं त्याला तिथंच बसवला असता. दंड न्हाय, नारळ न्हाय, समद्या गावाचं जेवण घ्यायला लागतंय त्याच्याकडनं. कोण आलं असतं तर अजून जेवल्याची गोष्ट सांगत बसलो असतो."

वहिनी आतून आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून जातात, नुकत्याच परत आल्या होत्या. मी निकालाची नक्कल पिशवीत का घातली होती, मला सांगता येणार नाही. फक्त दार बघायचं तर फोटो पुरे होता. मी ती त्यांच्या हातात दिली आणि कन्नड वाचून अर्थ सांगितला. त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"एक जूनला?"

"एक जूनच्या आत."

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाय."

"मग घरी काय सांगणार हाईस?"

मी विचारच केला नव्हता. राणी मला मांजर दाखवायला ओढत होती. पिशवीत बसून बसून त्याला पिशवीच आवडायला लागली आहे, ती म्हणाली, आता बाहेर काढलं तरी परत जाऊन बसतं. दादाचं नाव निघालं तेव्हा ती मांजराला घेऊन घरामागच्या परड्यात गेली ती आलीच नाही. मुलांना मोठ्यांचं बोलणं कंटाळवाणं वाटतं.

बुधवार, ७ मे

आप्पांना सांगितलं. शिरंगोळीला गेल्याचं सांगितलं, दाराचं, काट्यांचं, वारांचं. आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"तारीख कुणी घातली, आप्पा?"

"मी. साईराजची सुट्टी मंगळवारी म्हणून मंगळवार घातला." मग म्हणाले, "चुकलंच. मी बेळगुंदीचा माणूस, वार पाळणाऱ्या घरातला. मला कळायला पाहिजे हुतं. मंगळवार घालायला नको हुता."

आप्पा माझ्यापाशी चुकलं म्हणाले, असं पहिल्यांदाच. मला इतकं हलकं वाटलं की जेवण जास्त गेलं.

गुरुवार, ८ मे

सकाळी टेबलावर एक कागद तयार होता, आप्पांनी स्वतः टाईप केलेला. वर माझं नाव. 'मी, रचना मारुतीराव, बाँड रायटरची मदतनीस, शपथेवर लिहून देते की, दि. १२ मार्च ऐवजी माझ्या हातून चुकून ११ मार्च अशी तारीख पडली.'

"बुधवारी काय पाळायचा वार न्हवता," आप्पा म्हणाले. "वकिलांशी बोललोय. ती बाई वरच्या कोर्टात जायच्या आधी आपणच दुरुस्ती देऊन ठेवायची."

"पण आप्पा, अक्षर तुमचं आहे. आणि बुधवारी तरी कोण गेलं होतं?"

"तुला काय हुत न्हाय गं. हाताखालच्या पोरीची चूक, कोर्ट त्याला काय म्हणणार? पोरीची चूक सगळे माफ करतात."

मल्लाप्पा अण्णांनी रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "कर बाळ सही. मला बारा वाजता जायाचंय."

मी म्हटलं, आधी वाचते. चार वेळा वाचलं. मग म्हटलं, पोट दुखतंय, आणि घरी आले. पोट दुखत नव्हतं. ते खोटं होतं, आणि या वहीतलं माझं पहिलंच असेल.

संध्याकाळी दादा आला. "सही करायला किती येळ लागतो?" म्हणाला. आवाज चढवला नाही. माझ्या हातातला मोबाईल घेतला, बघितला, राणीच्या आजीचा नंबर त्याला सापडला. मोबाईल कपाटाच्या वर ठेवला. "उद्या सही कर, मग घे." आणि जाताना माझ्या मनगटाला धरून मला बाजूला केलं. दार मोकळंच होतं, माझ्यामुळे अडत नव्हतं. मनगट अजून लाल आहे. त्याच्या लक्षात आलं नसेल.

आई चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं आणि परत सुरू झालं.

बुधवार, १४ मे

आप्पांच्या त्या कागदावर मी सही केली नाही. वहिनींना खानापुरात मोफत कायदा मदतीतून वकील मिळाल्या आहेत. स्वरूपा वकील, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मीही गेले. आप्पांना सांगून गेले.

वकिलांनी विचारलं, अकरा तारखेला फोन आला हे इतकं नक्की कशावरून? मी ही वही दाखवली. ते पान वाचून त्या आधी हसल्या, चिमण्यांपाशी. मग हसायच्या थांबल्या.

"हे कपाटाचं काय आहे?"

मी म्हटलं, आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे.

त्या वहिनींकडे बघत होत्या. वहिनींनी पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणते म्हणून बाहेर गेल्या. बाटली भरलेली होती.

"तुझ्या मनगटाला काय झालं?" स्वरूपा वकिलांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, 'दाराशी उभी होते', आणि ते वाक्य मला इतकं ओळखीचं वाटलं की अर्ध्यातच सोडलं. ते मी आमच्याच घरात ऐकलं होतं, कपाटाशी उभी होते, असं. वकिलांनी मला वेळ दिला. मी पूर्ण सांगितलं, दादाने काय केलं ते, पोट दुखत नव्हतं ते, साईराजने गाडीवर सही केली ते.

माझं प्रतिज्ञापत्र चार परिच्छेदांचं झालं. तिथल्या नोटरीबाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचताना चौथ्या परिच्छेदात आप्पांचं नाव आलं. मी थांबले.

"काढायचं आहे?" त्यांनी विचारलं. "अजून सही झालेली नाही."

मी विचारलं, काढलं तर उरलेलं खरं राहील का? त्या म्हणाल्या, ते मी नाही सांगू शकत. मी पुढे वाचलं.

सोमवार, २६ मे

वहिनींचा अर्ज दाखल झाला. निकालाला तात्पुरती स्थगिती आहे. एक जून टळला.

आप्पांनी माझ्या कीबोर्डवर कापड घातलं आहे. स्वतः दोन बोटांनी टाईप करतात. दादा साईराजकडे राहायला गेला. आई माझ्याशी बोलत नाही, पण काल दुपारी तिने कपाट भिंतीपासून ओढलं, मागचं झाडलं आणि परत लावलं. एकटीने. मी मदतीला गेले तर नको म्हणाली. त्या कप्प्यातले राणीचे कपडे तिने काढलेले नाहीत, मीही नाही.

गुरुवार, १२ जून

आज सुनावणी झाली. शिरंगोळीचे पंच आले होते. त्यांच्या यात्रा कमिटीच्या वहीतही तो मंगळवार होता. साईराजला विचारलं, दार कसं होतं. तो म्हणाला, आठवत नाही. मग विचारलं, गेला होता का? तो दादाकडे बघत राहिला.

मग आप्पांना पुढे बोलावलं. तारखेचं अक्षर कुणाचं, असं विचारलं. मी खाली बघितलं. आप्पांना हाताखालच्या पोरीचं नाव घेता आलं असतं, कागद तयारच होता.

"माझं," आप्पा म्हणाले. "पोरीनं तारीख विचारली हुती, मीच जागा सोडायला लावली."

एकतर्फी निकाल रद्द झाला. केस पहिल्यापासून चालेल. तोवर राणी वहिनींजवळ. दादाने महिन्यातून दोन शनिवार कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायचं, कुणीतरी हजर असताना. खोट्या प्रतिज्ञापत्राचं पुढे काय करायचं ते वेगळं ठरेल. आप्पांचं लायसन्स जाऊ शकतं. अण्णांचंही. स्वरूपा वकिलांनी मला ते आधीच सांगितलं होतं.

न्यायाधीशांनी सांगितलं, समन्स आणि दाव्याची प्रत जाबदारांना इथेच, सगळ्यांसमोर द्या. वहिनी मराठी शाळेत शिकल्या म्हणून सोबत दाव्याबरोबरच लावलेलं मराठी भाषांतरही. चौदा पानं. दादाचा दावा पहिल्यांदाच त्यांच्या हातात पडत होता.

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आणि सगळी चौदा पानं वाचली. शिपाई पोच घ्यायला उभा होता, त्याला म्हणाल्या, "थांबा हं, वाचल्याबिगर सही करत न्हाय." मी शेजारी बसले. राणी माझ्या मांडीवर पाय टाकून केळं खात होती.

"हे समदं तूच टाईप केलंस?" वाचून झाल्यावर वहिनींनी विचारलं.

"व्हय. गेल्या वर्षी."

त्यांनी पानं नीट जुळवली आणि पोचेवर सही केली. "टायपिंग लई स्वच्छ हाय गं तुझं," म्हणाल्या.

बसमध्ये बसेपर्यंत मला त्याचं बरं वाटत होतं. घरी आल्यावर माझ्याकडची प्रत काढून वाचली. सहाव्या पानावर आहे, 'जाबदार मुलीस दोन-दोन दिवस उपाशी ठेवत असे.' ते टाईप करताना मी 'उपाशी' शब्दाशी थांबले होते, हे मला चांगलं आठवतं. ओळ मोडते की काय, एवढंच बघायला थांबले होते.